फी माफ

कर्णिक वकील ते वाक्य सुमतीला उद्देशून बोललेच नव्हते. कोर्टाच्या पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्यात खिडकीला टेकून ते पेणकडच्या एका गृहस्थाला समजावत होते. त्या गृहस्थाला जमिनीचा दावा करायचा होता आणि कोर्ट फीचा आकडा ऐकून तो हबकला होता. पूर्वी एवढी नव्हती हो, असं तो पुन्हापुन्हा म्हणत होता. कर्णिक म्हणाले, पूर्वीचं विसरा, दर वाढले, वरची मर्यादा वाढली, जमिनीच्या किमतीच्या मानाने फी बसते, आणि आपल्याकडे विमानतळ आल्यापासून जमिनीच्या किमती काय झाल्यात ते तुम्हीच मला सांगा. मग त्यांनी मान वळवली आणि बाकावर बसलेल्या सुमतीकडे हात केला, दुकानदार फळीवरचा नमुना दाखवतो तसा. ते मोकळेपणाने हसत होते. "ह्या बघा," ते म्हणाले. "ह्यांच्या भावाने माझं ऐकलं आणि बहिणीला पुढे केलं. मालमत्तेच्या दाव्यात बाई वादी असली की फी माफ. एक रुपया लागला नाही ह्यांना. तुम्हाला बहीण आहे का?"

सुमतीही हसली. आपल्याकडे कोणी हात करून काही बोललं की हसायचं, ही चेहऱ्याची सवय. हसू ओठांवर पोचल्यावर शब्द आत पोचले. तिचा भाऊ भरत वकिलांच्या शेजारीच उभा होता, हातात पाण्याची बाटली घेऊन. त्याने त्या पेणकरांकडे पाहून मान डोलावली, एखाद्या चांगल्या गॅरेजवाल्याचं नाव सुचवताना डोलवावी तशी. तो चपापला असता, त्याने वकिलांना डोळ्याने गप्प केलं असतं, निदान तिच्याकडे चोरून पाहिलं असतं, तरी तिला काहीतरी धरायला मिळालं असतं. पण त्याच्या चेहऱ्यावर लपवण्यासारखं काही नव्हतंच. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असलेली, साधी, कामकाजाची गोष्ट होती, आणि ती फक्त तिलाच सांगायची राहून गेली होती. व्हरांड्यातला गलका एकदम दूर गेला. वाळलेल्या मिरच्यांचे देठ दिवसभर काढल्यावर बोटांना जी आग लागते, पाण्यात हात बुडवला तरी न विझणारी, ती आग तिला कानांच्या पाळ्यांना जाणवू लागली. तिने पदर सारखा केला. समोरच्या भिंतीवर पान खाऊन थुंकू नये असं लिहिलं होतं. ते तिने वाचलं, परत वाचलं. आज तिची उलटतपासणी होती. अजून पुकारा व्हायचा होता.

पहिलं नाव तुझं, असं भरत म्हणाला होता. आपटा गावाजवळ पाताळगंगेच्या काठाला त्यांच्या बापाची, गणू भोईरची, सामाईक जमीन होती. चुलतभाऊ निकेशने ती सगळीच आपली आहे असं दाखवून एका कंपनीला विकली होती. हे कळल्यावर भरत सुमतीकडे आला होता. नवीन पनवेलला, तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी, दुपारच्या उन्हात, केळीच्या पानात गुंडाळलेला जिताडा घेऊन. दार तिने उघडलं. मधे बरीच वर्षं गेली होती. त्याचे केस पुढून गेले होते, पोट सुटलं होतं. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, "बाय, मी आत येऊ?" लहानपणी तो तिला बाय म्हणायचा, मधल्या वर्षांत तिला असं कोणीच म्हटलं नव्हतं. ती मासा हातात घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. बाहेर तिचा नवरा रमेश, तळोज्याच्या रंगाच्या कारखान्यातून छाती खराब करून घेऊन निवृत्त झालेला, फक्त या म्हणाला आणि टीव्हीचा आवाज बारीक करून बसून राहिला. जेवताना भरतने दाव्याचं सांगितलं. बापाचे वारस आपण दोघं, बाय, निकेशच्या पोटात शिरलेलं आपण दोघांनी मिळून काढायचं, आणि दाव्यावर पहिलं नाव तुझं. तिने विचारलं, माझं कशाला, तू मुलगा. तो म्हणाला, तू मोठी ना. या दोन शब्दांनी ती आतून उजळून निघाली होती. तू मोठी ना. पुढे कर्णिकांच्या ऑफिसात दावा वाचून दाखवला तेव्हा सुमती रमेश घरत, माहेरचं नाव सुमती गणू भोईर, असं सुरुवातीलाच आलं आणि तिला बाप आठवला. बापाच्या नावाला आपलं नाव जोडून इतक्या मोठ्याने कोणी वाचलेलं तिने लग्नाच्या मांडवानंतर ऐकलं नव्हतं. तिने सह्या केल्या. कुठे करायच्या ते भरतने बोट ठेवून दाखवलं, आणि सही करताना तिचं लक्ष त्या बोटाकडे होतं. त्याच्या नखाखाली माती होती.

आता बाकावर बसून ती ते बोट आठवत होती. माणूस एकच गोष्ट दोनदा आठवतो, पण दुसऱ्यांदा तीच गोष्ट वेगळी असते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. जिताडा तोच होता, केळीचं पान तेच, उंबऱ्याबाहेर उभा असलेला भाऊ तोच. पण आता त्याच्या मागे जिन्यात कर्णिक वकील उभे दिसत होते, काळा कोट हातावर टाकून, तो आत जातो की नाही ते बघत. फीचे दर वाढले त्याच सुमाराची ती दुपार. त्यानंतर ती पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा दिपा, भरतची बायको, चुलीपाशी भाकऱ्या थापता थापता म्हणाली होती की फी लई वाढलीय ना आता, म्हणून मग हेच बरं. सुमतीला वाटलं होतं पोरांच्या शाळेची फी. ती म्हणाली होती, हो ना, शाळावाले लुटतात नुसते. दिपा तिच्याकडे क्षणभर बघत राहिली होती आणि मग तव्यावरची भाकरी उलटायला वळली होती. त्या बघण्याचा अर्थ आज लागला, आणि लागला तेव्हा सुमतीला दिपाचाही राग आला नाही, स्वतःच्या त्या उत्तराची लाज वाटली. शाळावाले लुटतात. किती समजूतदारपणे बोललो होतो आपण.

आणि त्याआधीची वर्षं. बापाचं तेरावं झालं त्या संध्याकाळी भरतने हक्कसोड करून देण्याचं काढलं होतं. बहिणी देतात तसं तीही देणार होती. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. रमेश फक्त एवढंच म्हणाला होता की घाई कसली, एकदा वाचून तर बघू दे तिला. वाचून बघू दे, एवढंच. भरत ताटावरून उठला होता. त्यानंतर भाऊबीजेला तो आला नाही, तिने केलेले फोन दिपा उचलायची आणि ते बाहेर गेलेत म्हणायची. सुमती आगरी मसाला करून विकायची, अजूनही विकते. गच्चीत मिरच्या वाळवायच्या, निवडायच्या, भाजायच्या, कांडून आणायच्या. एका उन्हाळ्यात एका आचाऱ्याने तिच्याकडून लग्नाच्या जेवणासाठी मोठी ऑर्डर घेतली होती. डबे न्यायला आला तेव्हा तिने सहज विचारलं, कुठलं लग्न. आपट्याकडचं, तो म्हणाला, भरत भोईरच्या पोरीचं, संजनाचं. संजनाला तिने बारशाला पाळण्यात घातलं होतं. तिने डब्यांची झाकणं घट्ट आहेत का ते एकेक करून दाबून पाहिलं आणि डबे त्याच्या टेम्पोत चढवायला स्वतः खाली गेली. भाचीच्या लग्नात जेवणारा प्रत्येक माणूस तिच्या हातचं तिखट खाणार होता आणि तिला बोलावणं नव्हतं. ही गोष्ट तिने रमेशलासुद्धा सांगितली नाही. आणि जिताड्याच्या त्या दुपारी हे सगळं तिने असं सोडून दिलं होतं, जसं कोणी अंगावरचं ओलं लुगडं सोडतं. हिशेब नाही, टोमणा नाही. तिला वाटलं होतं की तो पस्तावला. पुढची सगळी वर्षं, प्रत्येक तारखेला तो गाडी घेऊन बिल्डिंगखाली यायचा, पुढचं दार उघडून धरायचा, तारीख पडल्यावर दोघं कोर्टाबाहेर चहा घ्यायची, आणि तो बापाच्या आठवणी काढायचा. शेजारणींना ती मुद्दाम सांगायची, आज भाऊ येणार आहे न्यायला. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तो हॉस्पिटलमध्ये आला नव्हता, पण फोन आला होता. काय बोलला होता? तिने डोळे मिटले. पुढल्या तारखेला उभं राहता येईल ना, असं विचारलं होतं. आणि तिला ते काळजीचं वाटलं होतं. टाके ओढत असताना ती आनंदाने म्हणाली होती, येईन रे, तू काळजी करू नकोस.

भरत तिच्याशेजारी येऊन बसला. पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली. ती नको म्हणाली. तो हळू आवाजात उजळणी घेऊ लागला. समोरचे वकील वाकडं विचारतील, बाय, घाबरायचं नाय. ते बोलतील, भावाने तुला पुढे केलं, तर तू बोलायचं, हे खरं नाही. बस तेवढंच. हे खरं नाही. त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता. ती त्याच्याकडे न बघता ऐकत होती आणि तिच्या मनात येत होतं की हा आत्ता माझ्याशी खरंच खोटं बोलत नाहीये. तो मला खोटं बोलायला शिकवतोय, तेही प्रेमानेच. प्रेमाने म्हणावं असाच आवाज होता तो. याच आवाजात तो बापाच्या आठवणी काढायचा. त्या आठवणी तरी खऱ्या होत्या का? बाप एकदा भर पुरात पाताळगंगा पोहून गेला होता, ही गोष्ट तो प्रत्येक तारखेला सांगायचा. ती गोष्ट खरी होती, तिने स्वतः काठावरून पाहिलं होतं. म्हणजे खरी गोष्टसुद्धा अशी वापरता येते.

त्याला कोणाचा फोन आला आणि तो जिन्याकडे गेला. सुमती उठली. पेणकर निघून गेले होते. कर्णिक खिडकीशी उभे राहून कागद चाळत होते. ते वाईट माणूस नव्हते. नेहमी तिला काकू म्हणायचे, बसा म्हणायचे. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं.

"साहेब, आपण जिंकलो तर जमीन कोणाच्या नावावर होणार?"

"कायद्याने तुम्हा दोघांच्या, काकू. तुमच्या वडिलांच्या वाट्यातली निम्मी-निम्मी." ते कागदातून डोळे न काढता म्हणाले. मग जरा थांबले. "पण नंतर तुम्ही तुमचा हिस्सा भरतशेठना सोडून देणार आहात ना. तसं ठरलंय, असं ते म्हणाले होते."

"कधी ठरलं?"

आता कर्णिकांनी वर पाहिलं. त्यांना काहीतरी कळलं असावं. वकिलाला असं कळणं अडचणीचं असतं, म्हणून ते न कळल्यासारखे राहिले. म्हणाले, ते तुमचं घरातलं आहे काकू, बहीणभावांमधलं, मला माझ्या पक्षकाराने सांगितलं तेवढं मी सांगितलं. सुमतीला म्हणायचं होतं की तुमची पक्षकार तर मी आहे. पहिलं नाव माझं आहे. पण तेवढ्यात शिपायाने दावा पुकारला आणि भरत जिन्यातून धावत वर आला.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर तिला आधी लाकडाचा स्पर्श जाणवला. कठड्याची कड कितीतरी हातांनी घासून गुळगुळीत झाली होती, आणि थोडी ओलसर होती. आधीच्या कोणाचा तरी घाम. शपथ झाली. निकेशच्या आणि कंपनीच्या बाजूचे वकील बारीक आवाजाचे, सावकाश बोलणारे, वयस्क गृहस्थ होते. त्यांनी नाव विचारलं, वय विचारलं, लग्न कधी झालं ते विचारलं. लग्नानंतर कधी शेतसारा भरलात का? नाही. कधी बी पेरलंत, कधी माणसं लावलीत? नाही. सातबारा कधी काढलात? नाही. प्रत्येक नाहीसरशी टायपिस्ट बाई खटखट करत होत्या आणि सुमतीला वाटत होतं की आपण खरोखरच कोणी नाही आहोत. हा माणूस आपल्याला खोडून काढत नाहीये, आपण पुसलेल्याच होतो, तो फक्त पाटी सगळ्यांना दाखवतोय. मग त्यांनी विचारलं, "हा दावा करायचा, हे कोणी ठरवलं?"

"माझ्या भावाने."

कर्णिक अर्धवट उठले. न्यायाधीशांनी हातानेच त्यांना बसवलं. समोरचे वकील आणखी सावकाश झाले. "म्हणजे असं की तुमच्या भावाला कोर्ट फी भरायची नव्हती. महिलांना फी माफ आहे, म्हणून त्यांनी तुमचं नाव वादी म्हणून लावलं. बरोबर?"

पंखा फिरत होता. हे खरं नाही, एवढंच म्हणायचं होतं. ती कोर्टाच्या मागच्या भागाकडे पाहत राहिली. भरत दाराजवळ उभा होता, दोन्ही हात पोटावर धरून, मान किंचित कलती. असाच तो मास्तरांसमोर उभा राहायचा. बरोबर, असं म्हणून गप्प बसलं तर काय होईल ते तिला आत्ता स्वच्छ दिसत होतं. बाईचं नाव नुसतं दाखवायला आहे, तिचं स्वतःचं मागणं काही नाही, हे तिच्या तोंडून निघालं की दावा खिळखिळा होणार, निकेश सुटणार, कंपनी कुंपण घालणार, आणि भरतच्या हाती नदीकाठची मूठभर मातीही राहणार नाही. ही कल्पना तिच्या जिभेवर आली आणि तिला तिची चव आवडली. तिला भीती वाटावी इतकी आवडली. एक शब्द. त्याने एवढी वर्षं गाडीचं दार उघडून धरलं त्याची परतफेड एका शब्दात. पण त्या चवीच्या मागून दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते भरतचं नव्हतं, निकेशचं नव्हतं. पावसाळ्यात बांधाला खेकडे भोकं पाडायचे. रात्रीतून खाचरातलं पाणी वाहून जायचं आणि सकाळी बाप ओरडायचा. मग सुमती, परकर खोचून, बांधावरून चालत एकेक बीळ टाचेने बुजवायची. भोकात टाच घालायची, गर्रकन फिरवायची, वरून चिखल थापायचा. चिखल वर कोमट असायचा आणि खोल गेलं की गार. कधी खेकडा नांगी मारायचा. भरत तेव्हा शाळेत असायचा, गणवेश मळेल म्हणून त्याला बांधावर उतरू देत नसत. लग्न होईपर्यंत प्रत्येक पावसाळ्यात ते पाणी तिच्या टाचेने थांबलं होतं. शेतसारा नव्हता भरला. सातबारा नव्हता पाहिला. आजवर तिला कोणी विचारलं नव्हतं की तुला जमीन हवी आहे का, आणि तिनेही स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तिला हवा होता तो भाऊ.

"बरोबर," सुमती म्हणाली. "त्याने तेवढ्यासाठीच लावलं असेल. मला ते आज कळलं."

टायपिंग थांबलं. कर्णिकांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. समोरच्या वकिलांच्या चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान आलं, आणि त्या समाधानातच त्यांनी एक प्रश्न जास्तीचा विचारला. "म्हणजे तुम्हाला स्वतःला या जमिनीत काही नको आहे."

"हवंय."

"काय हवं आहे?"

"माझ्या बापाच्या वाट्यातला अर्धा. माझा मला हवाय. मी तो कोणाला सोडून देणार नाय."

नाय, हा शब्द तिच्या तोंडून कोर्टात पहिल्यांदाच असा निघाला. एरवी ती इथे जपून बोलायची. न्यायाधीशांनी मान वर केली. त्यांनी तिला शांतपणे परत विचारलं की तुम्ही काय म्हणालात ते समजून म्हणालात ना. ती हो म्हणाली. मग त्यांनी ते शब्द सरळ करून टायपिस्टला सांगितले: मला माझ्या वडिलांच्या हिश्श्यातील अर्धा भाग हवा आहे, मी तो सोडणार नाही. यंत्र खटखटलं. दाराजवळच्या माणसाकडे सुमतीने परत पाहिलं नाही. तिच्या टाचा दुखत होत्या, जणू खरोखरच बराच वेळ चालून आल्यासारख्या.

बाहेर आल्यावर कर्णिक खुशीत होते. ते म्हणाले, काकू, तुमच्या पहिल्या उत्तराने माझा जीवच गेला होता, पण दुसऱ्या उत्तराने तुम्ही दावा वाचवलात. बाई स्वतःच्या हक्काचं मागते आहे म्हटल्यावर तिच्या फीमाफीला कोण हात लावणार. त्यांना त्यात फक्त एक उत्तम उत्तर दिसत होतं. भरत जिना उतरून गेला. सुमती मागोमाग गेली. गाडी आवाराच्या भिंतीला लागून उभी होती. त्याने आपल्या बाजूचं दार उघडलं, पण तो बसला नाही. टपावर हात ठेवून उभा राहिला. टप उन्हाने तापला असणार, पण त्याने हात काढला नाही.

"बाय, हे तुला कोणी शिकवलं?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "दाजींनी?"

"कोणीच नाय." ती गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. "तू मागितलं असतंस तर मी सगळं लिहून दिलं असतं, भरत. आज सकाळपर्यंत दिलं असतं."

"माहीत हाय मला."

हे उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. तो नाही म्हणेल, शपथा घेईल, वकिलावर ढकलेल, असं काहीतरी तिने मनात धरलं होतं. "माहीत होतं तर मग जिताडा घेऊन कशाला आलास? बाय म्हणून हाक कशाला मारलीस?"

तो बराच वेळ गाडीच्या काचेकडे बघत राहिला. आपण काय उत्तर द्यावं याचा तो खरंच शोध घेत होता, हे तिला दिसत होतं, आणि तेच जास्त लागत होतं. शेवटी तो म्हणाला, "वकील बोलले, आधी बहिणीला भेटून ये, घरचं सगळं नीट कर, मग सह्या. मी आलो. त्यात मी एवढा इचार नाय केला." मग त्याने तिला बस म्हटलं, घरी सोडतो. तिने नाही म्हणून मान हलवली. तो गाडीत बसला आणि गेला. ती चालत बसस्टॉपपर्यंत आली. उन्हात उभं राहून तिला त्याचं एकच वाक्य ऐकू येत होतं, एवढा इचार नाय केला. त्याने कट केला असता तर त्याने तिचा विचार तरी केला असता. रात्र रात्र जागून बेत आखला असता, त्यात ती असती. पण तो नुसता आला होता. जिताडा घेतला, पान गुंडाळलं, आला. तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी दुपार त्याच्या आयुष्यात एक काम होतं, वाटेत उरकलेलं.

घरी रमेशने दार उघडलं आणि तिच्या मागे जिन्यात कोणी नाही हे पाहिलं. तिने सगळं सांगितलं, मसाल्याच्या त्या डब्यांसकट. त्याने टीव्ही बंद केला. तो म्हणू शकला असता की मी तेव्हाच म्हणत होतो. त्याने विचारलं, जेवलीस का? आणि उठून भात गरम करायला ठेवला. खोकत खोकत, गॅसपाशी पाठमोरा उभा राहून.

भरतने नंतर दुसरा वकील केला. आतापर्यंत तो दाव्यात नुसता नावापुरता प्रतिवादी होता; बहिणीच्या मागण्यात आपला हिस्सा आपोआप येईल हा भरवसा आता नव्हता, म्हणून त्याला स्वतःच्या हिश्श्यासाठी स्वतः मागणी करावी लागली आणि त्या मागणीवर फीही भरावी लागली, नव्या दराने. हे तिला कर्णिकांकडून कळलं. तिला त्याचा आनंद होईल असं कर्णिकांना वाटलं असावं. दिपाचा एकदा फोन आला. ती भांडली नाही, फक्त म्हणाली की ताई, तुमी असं करायला नको होतं, आमी तुमाला घरात घेतलं होतं. सुमतीने फोन कानाला तसाच धरून ठेवला. घरात घेतलं होतं. त्यानंतर ती तारखांना बसने जायची. शेजारणींनी विचारलं की भाऊ दिसत नाही हल्ली, तर ती म्हणायची, असतो कामात.

निकाल पावसाळा सरल्यावर लागला. निकेशने केलेली विक्री गणू भोईरच्या वारसांच्या हिश्श्यापुरती बंधनकारक नाही, तो हिस्सा सुमतीचा आणि भरतचा निम्मा-निम्मा, असं न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. मोजणी होऊन तुकडे पडायचे होते, समोरचे अपिलात जाणार होते, अजून बरंच बाकी होतं. पण कागदावर जमीन तिची झाली होती. तरी त्या दिवसातलं तिला आठवत राहिलं ते निकालाच्या आधीचं. ती बाकावर बसली होती. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला भरत येऊन बसला, कारण दुसरीकडे जागा नव्हती. मधे एक तरुण बाई होती, तळोज्याकडची, पोटगीसाठी आलेली, एकटीच. तिला बोलायला कोणीतरी हवं होतं. ती थोडा वेळ सुमतीकडे आणि थोडा वेळ भरतकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "भाऊ ना हे तुमचे? नाक अगदी तुमचंच आहे."

भरतने ऐकलं.

"हो," सुमती म्हणाली. "धाकटा."

"मग बरं आहे बाई तुमचं," ती मुलगी म्हणाली. "सोबत तरी आहे. माझ्याबरोबर कोणीच येत नाही."

सुमतीने तिच्या हातावर हात ठेवला. तिला काही सांगावंसं वाटलं, पण सांगण्यासारखं जे होतं ते त्या मुलीच्या उपयोगाचं नव्हतं. शिपायाने दावा पुकारला. भरत आधी उठला आणि दाराशी पोचला. स्प्रिंगचं दार होतं. त्याने ते ढकललं आणि हाताने तसंच धरून ठेवलं, मागे न बघता. इतक्या तारखांची सवय हाताला राहिली असावी. दार उघडं होतं, आत पंख्याखाली कागद फडफडताना दिसत होते. सुमती दोन पावलं अलीकडे थांबली. तो हात काढेपर्यंत ती थांबून राहिली. दार सावकाश मिटलं. मग तिने ते स्वतः उघडलं आणि आत गेली.